हॅम रेडिओवर सगळं ऐकू जाणारच, मग सांगायचं किती?

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेखातर चालवायचा रेडिओ, शिकायला आलेला नवा माणूस हमखास विचारतो, आपलं बोलणं दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं काही सेटिंग असतं का? तसं काही नसतं. आणि सापडलं तरी वापरायचं नाही, कारण अर्थ लपवायला सांकेतिक भाषेत बोलणं हौशी रेडिओवर चालतच नाही, आंतरराष्ट्रीय नियमांतही नाही आणि आपल्याकडेही नाही. साध्या भाषेत बोलायचं, आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव, सांगायची, ज्याला ऐकायचंय तो ऐकेल. मला विचाराल तर नियम बरोबरच आहे, हे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, शिकायला आणि प्रयोगाला दिलेत, तिथे कोणी चोरून धंदा चालवत नाही ना हे बाकीच्यांना ऐकूनच तर कळणार.

बरं, ऐकणारे किती लांबचे असू शकतात? टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हे गणित जरूर करावं. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, व्हीएचएफ रेडिओचं (हातातले सेट बहुतेक याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, लाटा जवळपास सरळ रेषेत जातात) क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे ते येतं. रस्त्यावर उभं राहून दीड मीटरवर हँडी, म्हणजे हातात मावणारा सेट, धरलात तर ५ किलोमीटर, तेही मधे बिल्डिंगा नसतील तर. पण वरळीत १०० मीटर उंच गच्चीवरून त्याच हँडीचे ५ वॉट ४१ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे उरण आलं, पनवेल आलं, अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत मजल गेली, आणि पलीकडचाही उंचावर असेल तर त्याचं क्षितिज त्यात मिळवा. ७ मेगाहर्ट्झवर तर रात्री सिग्नल आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत फिरतो आणि हजारो किलोमीटर जातो. यात ऐकणाऱ्याचा काही मागमूस राहत नाही. तो नुसता ऐकतोय, तुम्हाला कळणार कसं?

इथे एक गैरसमज फार चालतो. बऱ्याच हँडीत आणि वॉकीटॉकीत 'प्रायव्हसी कोड' नावाची भानगड असते, लोकांना वाटतं तो लावला की आपलं चॅनल खाजगी झालं. प्रत्यक्षात तो ६७ हर्ट्झपासून साधारण २५० हर्ट्झपर्यंतचा खर्जातला एक सूर असतो, तुमच्या आवाजाच्या खालून सतत जात राहतो, आणि तुमच्या मित्राच्या सेटने तो सूर ओळखला तरच त्याचा स्पीकर उघडतो. म्हणजे नको ते आवाज तुमच्या ग्रुपला ऐकू येत नाहीत, एवढंच. ज्याने आपल्या सेटवर कोड लावलेलाच नाही त्याला तुमचं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. नाव ज्याने ठेवलं त्याला विक्री चांगली जमत असणार.

तेव्हा बोलणं लपवायचा नाद सोडा आणि आपण कुठे आहोत हे किती बारकाईने सांगतो त्याकडे बघा. कॉलसाइन सांगावीच लागते, ती टाळायची नाही की दुसऱ्याची वापरायची नाही. पण 'क्यूटीएच काय?' असं कोणी विचारलं, म्हणजे ठिकाण कुठलं, तर 'दादर' एवढं उत्तर भरपूर झालं. गल्ली, बिल्डिंग, कितवा मजला हे त्यात कोणीही मागितलेलं नसतं, नवीन माणूस उत्साहात सांगून बसतो.

हॅम लोक जागा सांगायला ग्रिड लोकेटर वापरतात, १९८० साली इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात ठरलेली पद्धत आहे. पृथ्वीचे चौकोन पाडायचे, त्यांचे आणखी चौकोन पाडायचे, आणि जितकी अक्षरं वाढतील तितकी जागा बारीक. मुंबईत मजा अशी की १९ अक्षांशाची रेघ लोअर परळ आणि प्रभादेवी स्टेशनांच्या मधून जाते, म्हणून चर्चगेटपासून लोअर परळपर्यंत एमके६८ आणि प्रभादेवीपासून पार विरारपर्यंत एमके६९. या चार अक्षरी चौकोनाची लांबी-रुंदी इथे साधारण २१० बाय १११ किलोमीटर, त्यातून तुमचं घर कोणाला सापडणार? सहा अक्षरी घेतला, समजा एमके६९केए, तर दादर, माटुंगा, वडाळा एकाच खणात येतात, अंदाजे ८.८ बाय ४.६ किलोमीटर, अजूनही गर्दीत लपायला चिक्कार जागा. आठ अक्षरांना ८८० बाय ४६० मीटर. आणि दहा अक्षरं दिलीत की ३७ बाय १९ मीटर, म्हणजे सरळ तुमची बिल्डिंगच झाली. दूरच्या हॅमशी बोलताना चार अक्षरांवर काही अडत नाही. एफटी८ हा डिजिटल प्रकार (२०१७ साली आला, बनवणाऱ्यांपैकी एक जो टेलर, १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले) नेहमीच्या संदेशात चारच अक्षरं पाठवतो आणि लोक त्यावर जगभर संपर्क करतात. फक्त सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये स्वतःचा ग्रिड भरताना हात आवरा, तिथून तो इंटरनेटवरच्या नकाशांवरही जाऊ शकतो.

याहून बेरकी प्रकार म्हणजे एपीआरएस. बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन हॅमने काढलेली ही पद्धत, गाडीतला सेट जीपीएसवरून आपली जागा ठराविक वेळाने हवेत सोडतो, वाटेतली हॅमची रेडिओ स्टेशनं ती पुढे ढकलतात, आणि एखाद्याने इंटरनेटला जोडलेलं गेटवे स्टेशन ठेवलं असेल तर ती वेब नकाशावर जाते आणि साठून राहते. ट्रेकला, पुरात, शोधकार्यात हे सोन्यासारखं आहे. पण रोज ऑफिसला जाताना चालू ठेवलंत तर रात्री ठिपका जिथे थांबतो ते तुमचं घर, हे शाळकरी पोरही सांगेल. त्यावर उपाय आहेत. या पद्धतीत जागेचे शेवटचे आकडे मुद्दाम कोरे सोडता येतात, म्हणजे ठिपका ढोबळ होतो, नाहीतर सरळ घरापासून दोनेक किलोमीटर गेल्यावर चालू करा.

आणि सवयी. सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या गप्पांच्या बैठकीत, रोजची मंडळी जमतात, लोकलच्या ठरलेल्या डब्यातल्या ग्रुपसारखी, कोण आलं नाही ते लगेच लक्षात येतं. तिथे 'आठ दिवस गावी चाललोय सगळे' हे मायक्रोफोनवर सांगायची काय गरज? गावाहून आल्यावर सांगा की, गणपतीच्या गप्पा तेव्हाही होतील.

सुरुवात करायची तर वयाची अट १२ वर्षांची, परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून होते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याला, मोर्स (टिंब-रेघांची तारेची भाषा) येत नसलं तरी चालतं, इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख आणि नियम पाठ हवेत, आणि पास झालात की व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाइन मिळते. तोवर सेट विकत घेऊ नका, परवाना नसताना लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चकरा मारल्या की खिसा रिकामा होतो आणि वर नियमाचीही भानगड. एखाद्या परवानाधारक हॅमसोबत गच्चीवर उभे राहा, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा. ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं, पण येताना १४५.८०३ च्या आसपास ऐकू येतं आणि जाताना १४५.७९७, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगाने पळतंय ना, डॉप्लर परिणाम असा कानाने कळतो. अधूनमधून ते चित्रंही पाठवतात, फोनवर अ‍ॅप लावून सेटच्या स्पीकरजवळ धरला की साधारण दोन मिनिटांत एकेक ओळ करत चित्र उतरतं. हे एकदा बघितलं की परीक्षेचा कंटाळा जातो.

संपर्काची पावती म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवायची पद्धत आहे, त्यासाठी घरचा पत्ता जगजाहीर करायची गरज नाही, क्यूएसएल ब्युरोमार्फत, म्हणजे हॅम लोकांची कार्डं गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत, कार्ड येतं किंवा ऑनलाइन लॉगमध्ये नोंद होते. कॉलसाइन शोधायच्या वेबसाइटवर आपलं पान बनवाल तेव्हाही शहर आणि चार अक्षरी ग्रिड पुरे. अमेरिकेत परवानाधारकाचा पत्ता सरकारी डेटाबेसमध्ये कोणालाही दिसतो, म्हणून तिथले बरेच जण पोस्ट बॉक्स देतात. इथे गडबड बहुतेक आपणच करतो. परवाना हातात आला की आनंदाने त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि त्यावर स्टेशनचा म्हणजे घरचा पूर्ण पत्ता छापलेला असतो. टाका फोटो, पण पत्त्यावर बोट ठेवून काढा. कॉलसाइन दिसू द्या, ती तशीही सगळ्यांना ओरडून सांगायचीच आहे.