आठवडा एका पानावर कसा आला

टेबलावर ठेवायचा साप्ताहिक प्लॅनर आखायला बसले की पहिला कच्चा कागद बहुतेकांचा सारखाच निघतो: सात सारखे रकाने, वर वारांची नावे, खाली ओळी. दिसायला नीटनेटका असतो, पण दोन-तीन आठवड्यांत बाजूला पडतो. या पानामागे तीन वेगळ्या वस्तू आहेत: सवयी तपासायची वही, तासांची डायरी आणि टेबलावरचा, ओली शाई टिपणारा टीपकागद. तिन्हींची कामे वेगळी होती. कोणता भाग कुठून आला हे कळले, की काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे सोपे जाते.

आधी आठवड्याबद्दल. महिन्याला चंद्राचा आधार आहे, वर्षाला सूर्याचा. आठवड्याला आकाशात असा कुठलाच आधार नाही, तरी टिकायला तोच सगळ्यांत चिवट ठरला. 1582 मध्ये ग्रेगरी कॅलेंडर आले तेव्हा दहा तारखा गाळल्या गेल्या, पण 4 ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर 15 ऑक्टोबरला शुक्रवारच आला. क्रांतीनंतर फ्रान्सने 1793 मध्ये नवे कॅलेंडर आणि त्यात दहा दिवसांचा आठवडा आणला. 1806 च्या पहिल्या दिवसापासून ते सगळे कॅलेंडरच रद्द झाले. सोव्हिएत संघाने 1929 मध्ये पाच दिवसांचे चक्र सुरू केले. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला, आणि छापील कॅलेंडरवर ज्या दिवशी तो रंग असेल ती त्या गटाची सुट्टी. यंत्रे एकही दिवस थांबू नयेत हा हेतू. नवरा-बायकोचे रंग वेगळे निघाले की घराला एकत्र सुट्टीच उरत नसे. 1931 मध्ये पाचाचे सहा झाले आणि 1940 मध्ये सात दिवस परत आले. आठवडा मुळात इतरांशी वेळ जुळवण्यासाठी आहे, हे यातून लख्ख दिसते. म्हणूनच प्लॅनरवर वाराचे नाव तारखेपेक्षा मोठे छापावे. 'गुरुवारी भेटू' असे ठरते, तारीख नंतर पाहिली जाते.

आठवडा कुठून सुरू करायचा यावर वाद होत राहतात. तारखा लिहिण्याच्या 1988 च्या आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाने सोमवार हा पहिला दिवस ठरवला, आणि ज्या आठवड्यात 4 जानेवारी येते तो वर्षाचा पहिला आठवडा. टेबलावरच्या पानासाठी मला सोमवारच योग्य वाटतो. रविवारपासून आखले तर शनिवार उजव्या टोकाला आणि रविवार डाव्या टोकाला जातो, मग दोन दिवसांचे एकच काम दोन ठिकाणी लिहावे लागते. एक धोका मात्र राहतो. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर रविवारपासून सुरू होत असेल तर नजर रकान्याची जागा लक्षात ठेवते, वार वाचत नाही, आणि नोंद एक दिवस पुढे-मागे पडते. भिंत आणि टेबल दोन्हीकडे एकच पद्धत असावी. याच मानकाप्रमाणे 400 वर्षांत 71 वर्षे 53 आठवड्यांची येतात. 2020 तसे होते, 2026 तसेच आहे. 52 पानांचे पॅड अशा वर्षी कमी पडते. 54 पाने धरली तर एखादे पान खराब झाले तरी भागते.

पानावरच्या आडव्या-उभ्या जाळीचा सगळ्यांत जिवंत नमुना बेंजामिन फ्रँकलिनचा आहे. 1730 च्या दशकात त्याने तेरा सद्गुणांची एक छोटी वही केली. प्रत्येक पानावर लाल शाईने सात उभे रकाने, दिवसाला एक. आडव्या तेरा ओळी, गुणाला एक. चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. खरी गंमत पुढे आहे. नवी फेरी सुरू करताना तो जुने ठिपके खरवडून काढायचा, आणि कागदाला भोके पडू लागली. मग त्याने तीच जाळी टिपणवहीच्या हस्तिदंती पानांवर पक्क्या लाल शाईने आखली, खुणा शिसपेन्सिलीने करू लागला आणि ओल्या स्पंजने पुसू लागला.

जाळी पक्की आणि लिखाण बदलते, हा फरक आजही छपाईत पाळावा लागतो. छापील रेघ लिखाणापेक्षा फिकी हवी, नाहीतर भरलेले पान वाचताना डोळा रेघांतच अडकतो. इथे एक चूक वारंवार होते. संगणकावर रेघेला काळ्या रंगाची 30 टक्के छटा दिली जाते, पडद्यावर ती सुरेख दिसते, आणि छापून आल्यावर तुटक ठिपक्यांची होते. छटा मुळात ठिपक्यांनीच छापली जाते, आणि 0.1 मिमी जाडीच्या रेघेत ते ठिपके मावत नाहीत. उपाय म्हणजे करड्या रंगाची वेगळी शाई घेऊन रेघ भरीव छापणे. तेवढा खर्च नको असेल तर रेघ काळीच, पण शक्य तितकी बारीक ठेवावी.

छापील डायरी व्यापारी माल म्हणून उभी राहिली ती लंडनच्या जॉन लेट्सपासून, 1812 मध्ये. तारखा आधीच छापलेल्या असणे ही तिची सोय आणि तीच तिची अडचण, कारण वर्ष सरले की उरलेला माल रद्दी. वारांची नावे छापून तारीख हाताने लिहायला सोडली की पॅड कधीही सुरू करता येते. पण तारखेसाठी ठळक चौकट हवी. ती नसली की लोक तारीख लिहीतच नाहीत आणि महिन्याभरानंतर पान कोणत्या आठवड्याचे हे ओळखता येत नाही.

सबंध आठवडा एका नजरेत उभा करण्याचे श्रेय मी 1952 च्या फ्रेंच अजेंड्याला, म्हणजे तिथल्या डायरीला, देईन. डॉ. फ्रान्सिस-जॉर्ज बेल्त्रामी यांच्या 'क्वो व्हादिस' अजेंड्यात उघडलेल्या दोन पानांवर दिवसांचे उभे रकाने आले आणि वरून खाली तास. दिवस एकाखाली एक असले की यादी वाचल्यासारखे होते. शेजारी-शेजारी असले की मंगळवार गच्च आणि बुधवार मोकळा हे न वाचताच दिसते. साप्ताहिक पानाचे खरे काम हेच: जागा कुठे उरलेली नाही ते दाखवणे.

सात सारख्या रकान्यांचा हट्टही तपासावा. फोर्डने 1926 मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला, आणि दोन दिवसांची सुट्टी हळूहळू रूढ झाली. ज्यांच्या कामाचा आठवडा असा आहे त्यांच्यासाठी शनिवार-रविवार एकाच रकान्यात वर-खाली बसवणे सोयीचे; सुटलेली जागा पाच दिवसांच्या कामी येते. ज्यांना शनिवारीही काम असते त्यांनी सहा सारखे रकाने करावेत.

टेबलाशी नाते जोडले ते टीपकागदाने. शाईने लिहिताना टेबलावर टीपकागदाचा मोठा ताव असे; तो सरकू नये म्हणून चारही कोपरे चामड्याच्या खोबणीत अडकवत. लास्लो बिरोने 1938 मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले, 1945 नंतर ते पेन पसरले, आणि शाई टिपायची गरज संपत गेली. तरी ताव टेबलावरच राहिला, आता कॅलेंडर छापून. आजच्या डेस्क-पॅडच्या खालच्या कडेला असलेली प्लास्टिकची पट्टी त्या खोबणीचेच काम करते: बाहीच्या घर्षणाने कागदाचे कोपरे वळू देत नाही.

मग कीबोर्ड आला आणि टेबलाचा पुढचा भाग त्याने घेतला. इथे मोजपट्टी काढावी. टेबल 600 मिमी खोल आहे असे धरा. स्क्रीनच्या पायाला 200, कीबोर्डला 150. उरले 250. आडवा ए3 कागद 297 मिमी खोल, म्हणजे बसत नाही. आडवा ए4 210 मिमी, तो बसतो. पॅड हातापासून दूर ठेवावे लागले की त्यावर लिहिणे आपोआप बंद होते, म्हणून आकार आधी टेबलावर ठरवावा.

आडव्या ए4 ची रुंदी 297. दोन्हीकडे 8 मिमी समास सोडला की 281 उरतात: पाच रकाने 45 चे, म्हणजे 225, आणि शनिवार-रविवारसाठी 56. उंची 210 मधून समासाचे 16 आणि वार-तारखेच्या पट्टीचे 18 वजा केले की 176. सकाळी 8 ते रात्री 8 हे बारा तास, प्रत्येकी 8 मिमी, म्हणजे 96. खाली 80 मिमी मोकळे, वेळ न ठरलेल्या कामांसाठी. तास पानभर ताणू नयेत. वेळ न ठरलेली कामेच जास्त असतात आणि त्यांना जागा मिळाली नाही तर ती चिकटचिठ्ठ्यांवर जातात. 8 मिमी मी मुद्दाम धरले आहेत. 6 मिमीच्या ओळीत देवनागरीची वरची मात्रा आणि खालचा उकार शेजारच्या ओळीत घुसतात.

कागद 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम), विनाकोटिंग. 70 च्या कागदावर फाउंटन पेनची शाई मागे उमटते. गुळगुळीत कोटेड कागदावर ती लवकर वाळत नाही आणि मनगटाने फरफटते. 54 पानांचे वजन साधारण 340 ग्रॅम होते, म्हणून पाठीच्या पुठ्ठ्याखाली रबरी ठिपके लावावेत, नाहीतर लिहिताना पॅड सरकते. गम वरच्या लांब कडेला लावायचा आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, त्याच कडेला समांतर ठेवायचा. दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो. ग्रेन उलटा असेल तर फुगू पाहणाऱ्या कडेला गम धरून ठेवतो आणि पान लाटांसारखे वळते. तपासायला पट्टी फाडून पाहावी: ग्रेनच्या दिशेने ती सरळ फाटते, आडवी फाडली की वेडीवाकडी. गमाचे दोन पातळ हात, पॅड वजनाखाली दाबून. एकच जाड थर दिला तर पान सुटताना वरची कड फाटते, आणि त्यासोबत वारांची नावेही.