शाळेच्या ‘इंटरॲक्शन’पूर्वी : पालकांसाठी माहिती

नर्सरी-केजीचे प्रवेश अर्ज निघाले, की सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या खेळघरात बहुतेक पालक एकच विनंती करतात : “इंटरॲक्शनला जे विचारतात, तेवढे करून घ्या.” ‘इंटरॲक्शन’ म्हणजे प्रवेश देण्यापूर्वी शाळा मुलाला बोलावून घेते ती भेट. त्याविषयी आमचे म्हणणे येथे सविस्तर मांडत आहोत.

मूल आईचा हात सोडून खेळण्यांकडे जाते का, दुसऱ्याने ठोकळा ओढून घेतल्यावर काय करते, “चेंडू टोपलीत ठेव आणि इकडे ये” एवढे ऐकून तसे करते का, शू लागल्यास सांगते का, याकडे शाळेतील बाईंचे मुख्य लक्ष असते. रंग आणि आकार ओघाने येतात.

अडचण होते ती घरी घोकून घेतलेल्या प्रश्नोत्तरांमुळे. “व्हॉट इज युवर नेम?” याचे उत्तर पाठ असलेले मूल “तुला कोण घेऊन आलं?” असे मराठीत विचारले तरी स्वतःचे नावच सांगते आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे पाहते. लाल ठोकळा हाती घेतला, की कोणी “कलर कुठला?” विचारील या धास्तीने ते ठोकळाच खाली ठेवते. ही धास्ती घालवण्यात आमचे पहिले दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढ्या दिवसांत ते मूल इतरांबरोबर खेळायला लागले असते, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते. त्याऐवजी संध्याकाळी त्याला आमराई बागेत न्यावे, अनोळखी मुलांत मिसळू द्यावे आणि भांडण झाले तरी लगेच मध्ये पडू नये.

आम्ही चौथ्या दिवसापासून पालकांना बाहेर बसवतो आणि वर्कशीट देत नाही, यावर काहींची नाराजी असते. परंतु मागून “सांग ना बाळा, घरी तर म्हणतोस” असा आवाज आला, की मूल खेळ सोडून गप्प होते, हे आम्ही रोज पाहतो. प्रवेशाची हमीही आम्ही देत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ मध्ये प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई असून पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे; अशा वेळी ‘परीक्षेची तयारी’ म्हणून वर्ग चालवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आमची तुकडी आठ मुलांची आणि सहा आठवड्यांची असते. शाळेच्या इंटरॲक्शनच्या तारखेआधी किमान दोन महिने यावे, म्हणजे घाई होत नाही. पहिला दिवस विनाशुल्क आहे. येताना डबा, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जादा जोड आणावा.