कृंतकांवरील परजीवी माइटच्या नव्या जातीचे वर्णन

माइट हे अष्टपाद वर्गातील सूक्ष्म प्राणी. उंदीर, घूस, खार अशा कृंतकांच्या केसांत, कातडीवर, कानांत आणि थेट केसांच्या मुळांतही त्यांच्या परजीवी जाती राहतात. एखादा नमुना ज्ञात जातींपैकी कोणत्याच जातीत बसत नाही हे पुराव्यानिशी दाखवून त्याला नियमानुसार नाव देणे, म्हणजे नव्या जातीचे वर्णन. एकाच पोषकावर (परजीवी ज्या प्राण्यावर जगतो त्यावर) अनेक जाती असू शकतात. घरातल्या लहान उंदरावर (मस मस्क्युलस) डेमोडेक्स प्रजातीच्याच (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) अनेक जाती कातडीच्या वेगवेगळ्या भागांत आढळतात. म्हणून ‘उंदरावर सापडला’ एवढी नोंद पुरत नाही. शरीराचा नेमका भाग लिहावा लागतो.

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचण्याआधीच होतात. मेलेला प्राणी थंड होऊ लागला की चपळ माइट त्याला सोडून जातात. दोन प्राणी एकाच पिशवीत ठेवले, तर कोणता माइट कोणाचा हे नंतर सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक प्राणी लगेच स्वतंत्र पिशवीत बंद करतात आणि पिशवीचा तळही तपासतात. पोषकाची कवटी व ऊतींचा तुकडा जपून ठेवावा, कारण पोषकाचीच ओळख चुकली तर पुढचे सगळे डळमळते. बिळातले मुक्तजीवी माइटही केसांत येतात. एखाद-दुसऱ्या नमुन्यावरून त्यांना परजीवी ठरवू नये.

केस विंचरून मिळणारे माइट ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात, डीएनएसाठी ९५ टक्के. केशमुळांतले माइट विंचरून निघत नाहीत. पापण्या, मिशांची जागा, कान, जननेंद्रियांचा परिसर येथील कातडीचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे १० टक्के द्रावणात विरघळवून गाळ तपासतात. या द्रावणात डीएनए टिकत नाही, म्हणून काही कातडी आधीच बाजूला काढावी.

नमुना लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून हॉयरच्या माध्यमात काचपट्टीवर बसवतात. माध्यमाचे प्रमाण : ऊर्ध्वपातित पाणी ५० मिलि, अरबी डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरीन २० मिलि, घटक याच क्रमाने मिसळतात. पट्टी ४५ ते ५० अंश सेल्सियसला आठवडाभर किंवा अधिक सुकवून कडा लाखेसारख्या जलरोधक लेपाने बंद करतात. माध्यम पाण्यात विरघळणारे असल्याने ही पायरी टाळली तर ते ओल शोषते. आम्लात नमुना जास्त वेळ राहिला तर बारीक दृढरोम (अंगावरचे ताठ केस) दिसेनासे होतात. कमी राहिला तर शरीराच्या आतला भाग काळपट दिसतो. काचझाकणीच्या (नमुन्यावर ठेवलेल्या पातळ काचेच्या) दाबाने शरीर चपटे होऊन रुंदी फुगते, त्यामुळे शरीराच्या मापापेक्षा कठीण पट्टिका व पायांच्या खंडांची मापे अधिक भरवशाची.

मापे मायक्रोमीटरमध्ये, कमाल-किमान व सरासरीसह देतात. नर आणि मादी इतके निराळे असतात की त्यांच्या दोन जाती होण्याचा धोका खराच आहे. डेमोडेक्समध्ये नराचे जननछिद्र पाठीवर, मादीचे पोटाकडे असते. ट्रॉम्बिक्युलिड या माइटच्या कुलात फक्त डिंभ (अळी-अवस्था) परजीवी असल्याने बहुतेक वर्णने सहा पायांच्या डिंभांवरच बेतलेली आहेत. तुलना जुन्या चित्रांशी करून भागत नाही. मूळ प्ररूपांच्या (ज्या नमुन्यांवर जातीचे नाव आधारले आहे त्यांच्या) पट्ट्या पाहाव्यात. जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ बेस-जोड्यांचा तुकडा मदतीला येतो, पण शरीररचनेची जागा घेत नाही. कवच शाबूत ठेवून डीएनए काढता येतो. मग तोच नमुना पट्टीवर बसवता येतो.

प्रादुर्भावाची आकडेवारी नीट वेगळी करावी. ४० प्राण्यांपैकी १० वर मिळून ६० माइट सापडले, तर प्रादुर्भाव २५ टक्के, बाधित प्राण्यामागे सरासरी तीव्रता ६, आणि तपासलेल्या प्रत्येक प्राण्यामागे सरासरी १.५.

नाव प्राणिनामकरण संहितेनुसार लॅटिन रूपात देतात. पोषकावरून (डेमोडेक्स मस्क्युलाय), ठिकाणावरून किंवा लक्षणावरून ते घेता येते. विशेषण असल्यास ते प्रजातीच्या लिंगाशी जुळले पाहिजे. १९९९ नंतरच्या नावांसाठी प्ररूप स्पष्टपणे नेमावे लागते. सहसा एकच होलोटाइप (नावाचा आधार ठरणारा नमुना) निवडून, तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे लेखातच नमूद करतात. उरलेले नमुने पॅराटाइप होतात आणि शक्यतो एकापेक्षा अधिक संग्रहांत विभागतात. २०१२ च्या दुरुस्तीनुसार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी हवी आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखात छापलेला हवा. तो राहिला तर वर्णन कितीही काटेकोर असो, नाव संहितेच्या अर्थाने ‘उपलब्ध’ (विचारात घेण्याजोगे) ठरत नाही.