हाडाला धातूचाच आधार हवा, हा समज अपुरा आहे

मोडलेल्या हाडाला धातूचाच आधार हवा, प्लास्टिक तिथे टिकणार नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. या समजात ताठपणालाच गुणवत्ता मानले आहे, आणि चूक तिथेच होते. हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा ताठपणा साधारण 10 ते 20 गिगापास्कल (ताठपणा मोजण्याचे एकक) असतो, तर टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे 110. धातूची इतकी ताठ पट्टी हाडावर बसवली की बराचसा भार तीच उचलते, आणि पुरेसा भार न मिळालेले हाड हळूहळू विरळ होऊ लागते. पीक (PEEK) या पॉलिमरचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, ताठपणा जेमतेम 3 ते 4 गिगापास्कल असला, तरी त्यात कार्बनचे तंतू मिसळून तो हाडाच्या जवळ आणता येतो; शिवाय हे पॉलिमर एक्स-रेमध्ये आड येत नसल्याने हाड जुळून येते आहे का, हे नीट पाहता येते.

पीकची खरी उणीव वेगळीच आहे, आणि चर्चा व्हायला हवी ती तिची. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाशी हाड सहजासहजी एकजीव होत नाही. मध्ये तंतुमय ऊतीचा पातळ थर तयार होऊ शकतो. म्हणून पृष्ठभाग सच्छिद्र केला जातो, त्यावर टायटॅनियमचा लेप दिला जातो किंवा हाडातल्या खनिजाशी मिळतेजुळते हायड्रॉक्सिॲपटाइट त्यात मिसळले जाते. मात्र हे खनिज जास्त झाले की पॉलिमर ठिसूळ होते.