गिअर तेल (जुन्या मोटारींचे)

मोटारीच्या गिअरपेटीतील दातेरी चाके, बेअरिंगे आणि सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना चाकांचे वेग जुळवणाऱ्या कड्या) यांना वंगण पुरवणारे तेल. स्वयंचलित गिअरपेटीतील तेल दाबही पोचवते, क्लचच्या चकत्यांमधील घर्षण जुळवून घेते आणि उष्णता वाहून नेते. हाताने बदलायच्या गिअरांच्या तेलाला बोलताना ‘गिअर ऑइल’ आणि स्वयंचलित पेटीच्या तेलाला ‘एटीएफ’ म्हणतात. जुन्या मोटारीसाठी तेल निवडणे अवघड होते, कारण मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेतील नावे बाजारातून गेलेली असतात, आणि त्यांच्या जागी आलेले तेल अधिक वरच्या दर्जाचे असले तरी त्या पेटीला मानवेलच असे नसते.

दाटपणाच्या बाबतीत फारसा वाद नाही. अँबॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळापासून आपल्याकडील गॅरेजांत ‘नव्वद नंबर’ हा शब्द रूढ आहे. हा आकडा गिअर तेलांच्या स्वतंत्र मापपट्टीतला आहे. दाटपणात तो इंजिन तेलाच्या ४० किंवा ५० या आकड्यांच्या आसपास पडतो, त्यामुळे ९० म्हणजे इंजिन तेलाहून दुप्पट दाट हा समज चुकीचा आहे. २००५ मध्ये या मापपट्टीत ११० हा वर्ग नव्याने घातला गेला आणि पूर्वीच्या ९० ची व्याप्ती आकसली. परिणामी जुन्या पुस्तिकेतील ९० आजच्या डब्यावर ९० किंवा ११० यांपैकी काहीही असू शकतो. काही मोटारींत गिअरसाठी वेगळे तेल नसतेच. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत इंजिन आणि गिअर एकाच तेलात फिरतात.

खरा मतभेद जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर तेलांच्या दर्जांविषयी आहे; दाबाखाली दात्यांना किती संरक्षण मिळते, हे ते सांगतात. त्याचे मूळ मागच्या धुऱ्यातील हायपॉइड गिअरांत (आस एकमेकांना न छेदणाऱ्या, तिरप्या दात्यांच्या चाकांत) सापडते. पॅकार्ड कंपनीने ते सुमारे १९२६-२७ मध्ये मोटारीत आणले. या गिअरांचे दाते एकमेकांवर फिरताना घसरतातही, आणि त्या दाबाखाली साधे तेल पिळून बाहेर पडते. म्हणून तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे घालण्यात आली; ती तापलेल्या पोलादावर एक पातळ थर धरतात आणि दात्याऐवजी तो थर झिजतो. जीएल-५ मध्ये या संयुगांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. गिअरपेटीतील सिंक्रो रिंगा मात्र बहुधा पितळी असतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे चाकांचे वेग जुळवून गिअर टाकण्याची व्यवस्था, आणल्यापासून दीर्घकाळ हीच रीत राहिली.

जीएल-५ पितळ खाते, असे एक मत आहे. त्यातही दोन स्पष्टीकरणे दिली जातात : एकानुसार गंधक तांब्याशी रासायनिक क्रिया करते, दुसऱ्यानुसार पितळावर बसलेला थर पितळाहून चिवट असल्याने निघताना धातूचा कण घेऊन निघतो. विरुद्ध मत असे, की आताच्या तेलांतील गंधक पुष्कळसे निष्क्रिय केलेले असते आणि ती तेले तांबेपट्टीची चाचणी पार करतात. या चाचणीत घासलेली तांब्याची पट्टी तापवलेल्या तेलात, गिअर तेलांच्या बाबतीत सामान्यतः १२१ अंश सेल्सियसला तीन तास, ठेवून तिचा डाग पाहतात. परंतु पट्टी तेलात स्वस्थ पडलेली असते, रिंग मात्र गिअरच्या शंकूवर (निमुळत्या भागावर) घासत असते. म्हणून दुसऱ्या स्पष्टीकरणाबाबत ही चाचणी काहीच सांगत नाही. त्यातच जीएल-५ अधिक निसरडे असल्यास रिंगेला शंकू पकडायला वेळ लागतो आणि गिअर कुरकुरत पडतो. पितळी रिंगांच्या पेटीत जीएल-४ व धुऱ्यात जीएल-५ ही विभागणी त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

स्वयंचलित पेट्यांची परंपरा जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकपासून, म्हणजे १९३९ पासून, मोजतात. त्यांच्या तेलाचे ‘टाइप ए’ हे प्रमाण १९४९ चे. त्याच कंपनीचे पुढचे प्रमाण डेक्सरॉन १९६७ किंवा १९६८ चे मानले जाते. घर्षण सौम्य करण्यासाठी या तेलांत स्पर्म देवमाशाचे तेल वापरत असत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत त्यावर बंधने आल्यावर पर्याय शोधावे लागले. फोर्डच्या ‘टाइप एफ’ तेलात असा सौम्यकारी घटक नसतो, त्यामुळे क्लच झटकन पकडतो. त्या पेटीत डेक्सरॉन भरल्यास क्लच घसरू शकतो. २००५ च्या सुमारास आलेले डेक्सरॉन-सहा आधीच्या तेलांपेक्षा पातळ आहे, ही गोष्ट जुन्या सीलांच्या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते.

तेल बदलताना गाडी थोडी चालवून तेल कोमट करतात आणि आधी भरायचा बूच सैल करतात. कारण तोच गंजून बसलेला असेल, तर रिकामी केलेली पेटी भरता येत नाही. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी. मेकॅनिक भोकात करंगळी वाकवून घालतात आणि तिला तेल लागले की पुरे म्हणतात. चुंबकी बुचावरची काळी बारीक साय नेहमीची असते. निथळलेल्या तेलात उन्हात सोनेरी झाक दिसली, तर ते पितळ असण्याचा संभव असतो. स्वयंचलित पेटीत तेल बहुधा तापलेल्या अवस्थेत, इंजिन चालू ठेवून, काडीने मोजतात. मात्र उत्पादकांच्या सूचना याबाबत सारख्या नाहीत. निरोगी तेल लाल असते, जळके तपकिरी आणि करपट वासाचे.

वर्षानुवर्षे न बदललेले तेल बदलल्यावर स्वयंचलित पेटी बंद पडते, ही समजूत सर्वदूर आहे. क्लचच्या झिजलेल्या चुऱ्यामुळेच चकत्यांना पकड मिळत होती, असे तिचे समर्थक म्हणतात. तथापि अशी पेटी आधीच अखेरीला आलेली असते, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. तेल सतत कमी होते पण जमिनीवर थेंब नाही, आणि धुराड्यातून पांढरा धूर येतो, अशी तक्रार असल्यास निर्वात मॉड्युलेटरचा (इंजिनातील निर्वातावरून पेटीतला दाब ठरवणाऱ्या भागाचा) पडदा फाटून इंजिन पेटीतले तेल ओढत असण्याची शक्यता प्रथम तपासतात. मॉड्युलेटरची नळी काढून तिच्या तोंडाशी तेल लागते का, एवढे पाहिले तरी बहुधा निर्णय होतो.