व्हॅलेटाच्या भिंतींना लागलेला लोणा

व्हॅलेटातल्या एखाद्या जुन्या भिंतीवरून बोट फिरवा. मधाच्या रंगाची भुकटी बोटाला चिकटते. ती मुळात समुद्रतळावरची माती आहे, आणि आता समुद्रच तिला परत मागतोय.

माल्टाची ही राजधानी युद्धातून जन्मली. १५६५ मध्ये सेंट जॉन या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांनी ऑटोमन तुर्कांचा वेढा परतवला आणि २८ मार्च १५६६ रोजी नव्या शहराची कोनशिला बसली. पोपने पाठवलेला अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्ली याने पट्टी ठेवून रेघा ओढाव्यात तसे रस्ते आखले. टेकडीचा माथा सपाट करायचाही बेत होता, पण तुर्क परत येतील या धास्तीने तो अर्धवट राहिला. त्यामुळे आडव्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी शहराच्या दोन बाजूंच्या बंदरांकडे उतरतात. नकाशात शहर सपाट दिसतं. खरं काय ते पोटऱ्यांना विचारावं. बेटावर नदी नाही, म्हणून घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं खोदणं सक्तीचं होतं.

दगड मात्र हवा तेवढा, अगदी पायाखालीच. भूवैज्ञानिक त्याला ग्लोबिजेरिना चुनखडक म्हणतात. ग्लोबिजेरिना हा समुद्रात तरंगणारा एकपेशीय जीव. त्याचं कवच मिलिमीटरहूनही लहान, एकमेकांना चिकटलेल्या फुग्यांसारखं. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी अशी असंख्य कवचं गाळाबरोबर तळाशी साचली आणि त्यांचा खडक झाला. माल्टाच्या चुनखडकांत शार्कचे दातही सापडतात. पूर्वी लोक त्यांना सापाच्या दगड झालेल्या जिभा समजून विषावर उतारा म्हणून वापरत. हे दातच आहेत, असं डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६७ मध्ये शार्कच्या डोक्याचं विच्छेदन करून मांडलं.

खाणीतून ताजा निघालेला हा दगड करवतीने कापता येतो. हवा लागली की वरचा पापुद्रा घट्ट होतो. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याचंही असंच, फक्त तिथे करामत लोहाची आणि इथे चुन्याची.

पण दगड सच्छिद्र. समुद्रावरून येणारी खारी हवा आणि जमिनीतून चढणारी ओल त्याच्या छिद्रांत शिरते. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब देतात आणि दगडाचे कण सुटतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, पण इथे तो थेट दगडालाच पोखरतो. एकदा खळगा पडला की तो खोल होत जातो, आणि शेवटी भिंत मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसू लागते. गंमत म्हणजे एकाच भिंतीत एक चिरा कोरा करकरीत आणि शेजारचा पार खाल्लेला असतो. माल्टी गवंडी चांगल्या दगडाला ‘फ्रांका’ म्हणतात आणि लवकर झिजणाऱ्याला ‘सोल’. ताज्या कापलेल्या दगडात हा फरक ओळखायला मुरलेली नजर लागते.

अशा भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरणं हा मला तर सरळ अडाणीपणाच वाटतो. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही. ती शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते आणि मीठही तिथेच साचतं. सांधा शाबूत राहतो, दगड जातो. चुन्याचा सांधा उलटा वागतो: मीठ स्वतःवर घेतो, आधी स्वतः झडतो. मग तो खरवडून काढायचा आणि पुन्हा चुना भरायचा.