विडी-सिगारेट आणि मशेरी : गरोदरपणात सोडायचे काय आणि कसे

गरोदर स्त्रीला पहिल्या तपासणीच्या वेळी ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ असे विचारले, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक स्त्रिया ‘नाही’ असे उत्तर देतात आणि ते उत्तर खरे असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढ स्त्रियांपैकी केवळ १.४ टक्के स्त्रिया विडी किंवा सिगारेट ओढताना आढळल्या. मात्र धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्के होते. म्हणजे तो प्रश्न तेवढ्यावरच थांबला, तर तंबाखू वापरणाऱ्या बहुसंख्य गरोदर स्त्रिया कोणाच्याही नजरेस येत नाहीत. यांतल्या अनेकींच्या हातात असते ती मशेरी, जिला काही भागांत मिश्री म्हणतात. ती दात घासायची वस्तू आहे, व्यसन नव्हे, अशीच घरोघरी समजूत असते. त्यामुळे गरोदरपणात तंबाखू सोडण्याविषयी जे काही सांगितले जाते ते सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असे मशेरी लावणारीला वाटते. ही समजूत चुकीची आहे. तरीही दोन्ही गोष्टी सर्वस्वी सारख्या नाहीत. त्यांत काय समान आहे आणि काय वेगळे आहे, हे नीट कळल्याखेरीज सोडण्याचा सल्लाही नीट देता येत नाही.

मशेरी म्हणजे तंबाखूच. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, मग चुरून त्यांची पूड करतात आणि ती बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासतात. दात घासून झाल्यावरही ती पूड काही वेळ तोंडात राहते आणि तिच्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरते. सकाळी एकदा लावणारी स्त्री हळूहळू दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वीही लावू लागते, कारण दातांना तिची गरज नसली तरी शरीराला तलफ येऊ लागलेली असते. भाजल्यामुळे तंबाखूचा दोष जातो असे काही जुन्या बायका सांगतात. प्रत्यक्षात भाजण्याने निकोटिन नाहीसे होत नाही, आणि पाने जळताना कर्करोगाला कारणीभूत ठरणारे नवे पदार्थ तयार होतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ साली कायद्याने बंदी झाली. म्हणजे दात घासण्याच्या वस्तूत तंबाखू असू नये हे सरकारने मान्य करून तीन दशके उलटली आहेत. पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी त्या कायद्याच्या कक्षेत कधी आलीच नाही.

आता धुराकडे पाहू. विडी किंवा सिगारेट पेटते तेव्हा निकोटिनबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायूही शरीरात जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे बाळापर्यंत प्राणवायू नेणारी वाटच आखडते. तो वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाच्या रक्तात जातो आणि तिथे त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही वाढते. ओढणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी सुमारे दोनशे ग्रॅम कमी वजनाची जन्मतात, त्यामागे हा वायू हे एक मोठे कारण आहे. याशिवाय धुरात इतर हजारो रसायने असतात. गर्भपात, वार वेळेआधी सुटणे, वार खाली असणे, मुदतीपूर्वी प्रसूती आणि जन्मानंतर बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू, या सर्वांचा धोका धूम्रपानाने वाढतो.

मशेरीत हा वायू नसतो. म्हणून ती निर्धोक असावी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि अनेकांची गफलत नेमकी इथेच होते. निकोटिन दोन्हींत आहे. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटवते आणि वार ओलांडून बाळाच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोहोचते. ओढलेले निकोटिन काही सेकंदांत आईच्या मेंदूत पोहोचते आणि त्याची पातळी लवकर उतरते. तोंडातून शोषले जाणारे सावकाश चढते, पण अधिक काळ टिकून राहते. दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या बाळाला जवळजवळ दिवसभर निकोटिनची सोबत असते.

हा केवळ तर्क नाही, याचा पुरावा मुंबईतच जमा झालेला आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची प्रसूतीपर्यंत नोंद ठेवली. त्यांतल्या १७.१ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या आणि ती बहुतांशी मशेरीच होती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी ६.२ दिवस आधी झाली. वय, शिक्षण आणि आर्थिक स्थिती यांचा परिणाम हिशेबात धरूनही हा फरक उरला. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण ज्या स्त्रीचे वजन मुळातच कमी आहे आणि जिचे बाळ अडीच किलोच्या सीमेवर जन्मणार आहे, तिच्या बाबतीत तेवढ्याने बाळ कमी वजनाच्या गटात जाते. डॉ. गुप्ता यांच्याच संशोधक गटाने २००६ साली मांडलेला पुढचा आकडा मला या विषयातला सर्वांत गंभीर आकडा वाटतो. तंबाखू न वापरणाऱ्या स्त्रियांत मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण ३.१ टक्के होते, तर वापरणाऱ्यांत ते ८.९ टक्के होते. आणि दिवसातून वापर जितक्या अधिक वेळा, तितका धोका अधिक होता. वजनाच्या बाबतीत धूर अधिक हानी करतो हे खरे आहे. पण पोटातले मूल गमावण्याच्या धोक्यात मशेरीला हलके धरण्याजोगे काहीही नाही. स्वीडनमध्ये स्त्रिया ‘स्नूस’ नावाची ओली तंबाखू ओठाखाली ठेवतात. तिथल्या जन्मनोंदणीच्या अभ्यासांतही धूर नसूनही मृतजन्म आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा धोका वाढलेला दिसला, त्यामुळे हा केवळ मुंबईतल्या परिस्थितीचा परिणाम आहे असे म्हणता येत नाही.

दोहोंतला एक व्यावहारिक फरक तपासणीतही उतरतो. इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रीच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजतात आणि त्यावरून ती ओढते का, हे पडताळतात. तिथे राहणाऱ्या एखाद्या मराठी स्त्रीने मशेरी किंवा तंबाखूचे पान चालू ठेवले असेल, तर हे यंत्र काहीही दाखवणार नाही, कारण ते धूर शोधते, तंबाखू नव्हे. निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन लघवीत किंवा लाळेत तपासले तर दोन्ही प्रकार कळतात, पण आपल्याकडे गावपातळीवर ती तपासणी होत नाही. इथे उपयोगी पडतो तो नेमका प्रश्न. आशाताईंनी किंवा परिचारिकेने ‘तंबाखूचे व्यसन आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘दात कशाने घासता? मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असे विचारले, तर उत्तर संकोचाशिवाय मिळते, कारण त्यात आरोपाचा सूर नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींतही प्रत्येक गरोदर स्त्रीला तंबाखूच्या वापराविषयी आणि घरातल्या इतरांच्या धुराविषयी शक्य तितक्या लवकर आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत विचारावे, असे म्हटले आहे.

घरातल्या इतरांचा धूर हा तर स्वतंत्र मुद्दा आहे. मशेरीचा अपाय ती लावणारीला आणि तिच्या बाळाला होतो. विडीचा अपाय न ओढणाऱ्या गरोदर स्त्रीलाही होतो. सार्वजनिक ठिकाणी ओढण्यास २००८ पासून देशभर काटेकोर मनाई आहे, पण घराच्या चार भिंतींत कायदा पोहोचत नाही. तिथे नवऱ्याने आणि सासऱ्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊन ओढणेही पुरेसे नसते, त्यांनी सोडणे हेच खरे. मशेरी भाजताना मात्र तिचाही धूर होतो, आणि बंद स्वयंपाकघरात तव्याजवळ उभे राहण्याचे ते काम गरोदर सुनेकडे कधीही देऊ नये.

सोडण्याचा लाभ दोन्हींत लवकर सुरू होतो. ओढणे थांबवल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड चार ते सहा तासांत निम्म्यावर येतो आणि एक-दोन दिवसांत बाळाचा प्राणवायू सुधारतो. गरोदरपणाच्या सुमारे पंधराव्या आठवड्यापूर्वी ज्यांनी सिगारेट पूर्ण सोडली, त्यांच्यात मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका कधीच न ओढणाऱ्यांइतकाच राहिल्याचे आढळले आहे. स्वीडनमधल्या स्नूस वापरणाऱ्या स्त्रियांतही सुरुवातीलाच सोडणाऱ्यांचा धोका असाच कमी झाला. दिवस वर गेले असले तरी सोडण्यात लाभच आहे, कारण बाळाचे बरेचसे वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. नुसते कमी करणे मात्र फसवे असते. सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल घेतो. मशेरीच्या वेळा कमी केल्या की प्रत्येक वेळी ती अधिक वेळ तोंडात ठेवली जाते.

सोडण्याचा त्रास मात्र दोन्हींत वेगळ्या जागी होतो. विडी किंवा सिगारेट सोडणारीला चिडचिड, अस्वस्थता आणि एकाग्रता न होणे यांचा त्रास होतो. मशेरी सोडणारीची सर्वांत मोठी तक्रार असते ती पोट साफ न होण्याची, कारण ‘मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही’ ही सवय शरीराला जडलेली असते. त्यात गरोदरपणी बद्धकोष्ठ मुळातच असते, म्हणून पहिल्या दोन दिवसांतच बाई पुन्हा डबी उघडते. इथे धाक दाखवण्यापेक्षा सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी आणि फळे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध यांचा उपयोग होतो. दुसरी तक्रार हिरड्यांची असते. गरोदरपणात हिरड्या सुजतात व रक्त येते, मशेरीने ती जागा बधिर होऊन बरे वाटते, आणि ती सोडली की दुखणे जाणवू लागते. त्यावर उपाय दंतवैद्याकडे आहे आणि गरोदरपणात दातांची तपासणी सुरक्षित असते. तलफेचा जोर पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. गरोदरपणात शरीर निकोटिनचा निचरा अधिक वेगाने करते, त्यामुळे या काळात तलफ नेहमीपेक्षा लवकर आणि तीव्र येऊ शकते. तो त्या स्त्रीच्या मनाचा कमकुवतपणा नसतो, हे घरच्यांनी आणि आरोग्यसेविकांनी ओळखले पाहिजे.

एकातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग टाळावा. सिगारेट सोडून मशेरी धरणे किंवा मशेरी सोडून तंबाखूचा बार भरणे यांत बाळाचे निकोटिन थांबत नाही. तंबाखू सुटावी म्हणून इतर वेळी दिली जाणारी बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे गरोदरपणात द्यावीत अशी शिफारस नाही. निकोटिनची च्युइंगगम दुकानात सहज मिळते, पण ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. समुपदेशन हाच या काळातला मुख्य आधार आहे, आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनच्या १८००-११-२३५६ या विनाशुल्क क्रमांकावर तो घरबसल्या मिळतो. मशेरी लावणाऱ्या स्त्रीनेही तिथे निःसंकोच फोन करावा.

प्रसूतीनंतरचे दिवस दोन्ही प्रकारांत घसरणीचे असतात. निकोटिन अंगावरच्या दुधातूनही बाळाला जाते, म्हणून नऊ महिने पाळलेले पथ्य पाळण्याजवळ सोडून चालत नाही. मशेरीबाबत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीची आई किंवा आजी स्वतः मशेरी लावत असते आणि डबी मोरीच्या कोनाड्यातच ठेवलेली असते. सातव्या-आठव्या महिन्यात आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनी गरोदर मुलीबरोबर तिच्या आईलाही समोर बसवावे, आणि बाळ निदान अंगावर पिते आहे तोवर ती डबी त्या घरातून बाहेर राहील, हे दोघींकडून कबूल करून घ्यावे.